हंगाम सरल्यावर

फ्रान्स देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, भूमध्य समुद्राच्या काठी नीस नावाचे नगर वसले आहे. पाठीशी आल्प्स पर्वताच्या रांगा आणि पुढे चंद्रकोरीसारखा वळलेला निळा उपसागर, असे त्याचे स्थान आहे. उन्हाळ्यात देशोदेशींचे प्रवासी येथे गर्दी करतात. परंतु नोव्हेंबर उजाडला म्हणजे ही गर्दी ओसरते आणि नगराचे निराळेच रूप दिसू लागते.

या किनाऱ्याचे ऋतुमान कोकणाच्या अगदी उलट आहे. येथे उन्हाळा कोरडा असतो. पाऊस पडतो तो शरद ऋतूत व हिवाळ्यात. पाऊस थांबून आकाश निवळले की दूरची हिमाच्छादित शिखरे स्पष्ट दिसतात. समुद्रकाठी वाळू नाही, गोल गुळगुळीत गोटे आहेत. लाट मागे सरताना त्यांचा जो खळखळाट होतो, तो उन्हाळ्याच्या कोलाहलात हरवून जातो. हिवाळ्यात मात्र तो दूरवर ऐकू येतो. काठावरील निळ्या खुर्च्यांवर वृद्ध नागरिक ऊन खात बसतात. जुन्या वस्तीत लाकडाच्या भट्टीवर ‘सोक्का’ भाजला जातो. हरभऱ्याचे पीठ, पाणी व ऑलिव्हचे तेल यांचा हा पातळ पदार्थ पाहून मराठी माणसाला बेसनाच्या धिरड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

गंमत अशी की, पूर्वी हिवाळा हाच नीसचा खरा हंगाम होता! आपल्या देशातील थंडी टाळण्यासाठी श्रीमंत इंग्रज येथे येऊन राहत. १८२० नंतरच्या दशकात एका हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने अनेक गोरगरिबांचा रोजगार बुडाला. तेव्हा लुईस वे या इंग्रज धर्मोपदेशकाने पुढाकार घेऊन निधी जमविला आणि त्यांना समुद्रकाठी वाट बांधण्याचे काम दिले. तीच पुढे वाढून ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ म्हणून प्रसिद्धीस आली. आज तिची लांबी सुमारे ७ किलोमीटर आहे. १८६४ मध्ये आगगाडी आली आणि पाहुणे वाढले. त्या काळी उन्हाळा लागला की मोठमोठी हॉटेले बंद होत. पुढे समुद्रस्नानाची आवड वाढली. १९३६ मध्ये फ्रान्समधील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला, आणि सामान्य कुटुंबेही उन्हाळ्यात सागरकिनारी येऊ लागली. अशा रीतीने हंगामच पालटला.

१९१७ च्या डिसेंबरात आंरी मातिस हा विख्यात चित्रकार नीसला आला. पाऊस काही केल्या थांबेना. अखेर कंटाळून त्याने परत जाण्याचे ठरविले. इतक्यात वारा सुटला, ढग पांगले आणि सारे नगर लख्ख प्रकाशात न्हाऊन निघाले. मातिसने आपला बेत रद्द केला. पुढील आयुष्याचा बराच काळ त्याने नीसमध्येच घालविला आणि १९५४ मध्ये तेथेच देह ठेवला.

हंगाम सरला म्हणजे नगर ओस पडते, असे प्रवाशाला वाटते. वस्तुतः पाहुणे गेल्यावरच घरची माणसे दिसू लागतात. कोणाची दुकाने मिटलेली असतात, कोणाचे हंगामी काम सुटलेले असते. तरीही भट्टी पेटते, बाजार भरतो, म्हातारी माणसे उन्हात बसतात. उत्सवाच्या दिवशी घराची शोभा दिसते; घराची ओळख मात्र साध्या दिवशीच पटते.

स्वाध्याय
१. नीसचा हंगाम कोणत्या कारणांनी पालटला?
२. समुद्रकाठची वाट कोणासाठी व कशी निर्माण झाली?
३. ‘घराची ओळख साध्या दिवशीच पटते’ या विधानाचा अर्थ स्वतःच्या गावाचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.