गोळी आठवड्यातून एकदाच

भोपाळच्या इंद्रपुरीतून ईदगाह हिल्सच्या जवाहरलाल नेहरू कर्करोग रुग्णालयात किंवा साकेतनगरच्या एम्समध्ये जाणाऱ्या ज्या रुग्णाला सलाईनऐवजी गोळ्यांची चिठ्ठी मिळते, त्याच्या घरच्यांना हायसे वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे; परंतु खाटेजवळ उभी राहून मात्रा तपासणाऱ्या आणि ताप पाहणाऱ्या परिचारिकेची सारी जबाबदारी त्या चिठ्ठीसरशी घरातील सुनेवर किंवा मुलावर येऊन पडते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तंबाखू आणि गुटख्यापायी आपल्या शहरात फार आढळणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचेच पाहा. रोग उलटलेल्या अथवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब ही दोन स्वस्त औषधे शिरेतून द्यावयाच्या सिस्प्लॅटिनशी ताडून पाहण्यात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ७.५ महिन्यांची, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ६.१ महिन्यांची मुदत ओलांडली, आणि गंभीर दुष्परिणामही गोळ्यांचेच कमी ठरले. मात्र सेलेकॉक्सिब रोज दोनदा घ्यावयाचे आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, आणि दोन्ही एकाच पिशवीतून घरी येतात! मेथोट्रेक्सेट चुकून रोज पोटात गेले, तर तोंड सोलवटते, रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घटतात आणि प्रसंग प्राणावर बेततो. ज्याच्या तोंडात आधीच व्रण आहे, त्याला तर हे नवे फोड वेगळे ओळखूही येत नाहीत.

म्हणून इस्पितळ सोडण्यापूर्वी परिचारिकेसमोर बसून मेथोट्रेक्सेटचा वार मुक्रर करावा, तो पाकिटावर रुग्णाला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत लिहून घ्यावा, आणि पुढील आठवड्यात तिचा फोन केव्हा येईल, न आल्यास आपण कोठे करावा, याचीही तजवीज करून ठेवावी. तो फोन माझ्या मते गोळीइतकाच उपचाराचा भाग आहे. ‘बरं आहे’ एवढ्यावर तिची बोळवण न करता पाकिटात किती गोळ्या उरल्या हे मोजून सांगावे, कारण झालेली चूक बहुधा त्या हिशेबातच सापडते.

कर्करोगाच्या इतर गोळ्यांचे नियमही निरनिराळे असतात: कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, तर टेमोझोलोमाइड बहुधा उपाशीपोटी घेतात. तेव्हा शेजारच्या रुग्णाचा नियम आपल्याला लावू नये. मात्रा चुकली किंवा उलटून पडली, तर मनाने दुसरी घेऊ नये. गोळी कुटू नये, गर्भवतीने तिला हात लावू नये, आणि दुकानातून आणलेली वेदनाशामके किंवा काढे विचारल्यावाचून मुळीच देऊ नयेत. मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि काही वेदनाशामके तोच मार्ग रोखतात.

ताप १००.४ अंश फॅरेनहाइटवर गेला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहत बसू नका. मध्यरात्र असली तरी फाइल आणि सारी पाकिटे बरोबर घेऊन रुग्णाला थेट तातडीच्या विभागात न्या, आणि तो कर्करोगाच्या गोळ्या घेतो, हे तेथे पोहोचताच सांगा.