मागें फिरण्याचें धैर्य

आकाशांतून विमान जातांना दिसलें कीं लहानथोरांच्या माना आपोआप वर होतात, आणि तें चालविणारा मनुष्य किती धाडसी असेल, असा विचार मनांत येतो. परंतु वैमानिकाचें खरें धैर्य पुष्कळ वेळां न निघण्यांत, किंवा निघाल्यावर वेळींच मागें फिरण्यांत असतें. तें कसें, हेंच आज आम्ही वाचकांस सांगणार आहों.

मोठीं प्रवासी विमानें पुष्कळशा वाईट हवेच्या वरून जातात. एका एंजिनाच्या लहान विमानास तितकी उंची व शक्ति नसते. गडगडाटी ढगांत वाऱ्याचे प्रचंड लोट वर चढत व खालीं कोसळत असतात. त्यांत तें पाचोळ्यासारखें फेकलें जातें. अतिशय थंड ढगांत पंखांवर बर्फ सांचून त्यांची उचलून धरण्याची शक्ति कमी होते. तथापि सर्वांत फसवा शत्रु म्हणजे मुळींच न गर्जणारें साधें धुकें अथवा ढग.

आपल्या कानाच्या आंतल्या भागांत द्रवानें भरलेल्या तीन वांकड्या नलिका आहेत. शरीर वळलें कीं द्रव क्षणभर मागें राहतो, व त्यावरून मेंदूस वळण समजतें. पण वळण एकसारखें चालूं राहिलें तर द्रवही नलिकेबरोबर फिरूं लागतो व वळल्याची जाणीव नाहींशी होते. फुगडी थांबल्यावर सभोंवारचें जग फिरतांना दिसतें, तें या द्रवामुळेंच. जमिनीवर डोळे ही चूक लवकर सुधारतात. ढगांत क्षितिजच दिसत नसल्यामुळें विमान एका बाजूस कलून खालीं घसरत असतांही वैमानिकास तें सरळ चाललें आहे असें वाटतें. अशा वेळीं शरीराची साक्ष खोटी मानून समोरील यंत्रांवरच विश्वास ठेवावा लागतो, आणि त्यासाठीं निराळें शिक्षण लागतें.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें १९५४ सालीं याची परीक्षा पाहिली. यंत्रांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० जणांस बाहेरचें कांहीं दिसूं नये अशी व्यवस्था करून विमान चालवावयास दिलें. त्या विसांपैकीं एकासही विमान सांवरतां आलें नाहीं. ताबा सुटण्यास सरासरी अवघे १७८ सेकंद लागले! पुढें त्यांनाच यंत्रांकडे पाहून सावकाश उलट दिशेस वळण्याची रीत शिकविली, तेव्हां बहुतेक प्रयत्नांत ते यशस्वी झाले. धुक्यांतून सुटण्याचा मार्ग पुढें नसून मागें होता.

१६ जुलै १९९९ च्या रात्रीं अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन हे पत्नी व मेव्हणी यांना घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे आपल्या लहान विमानानें निघाले. त्या वेळच्या हवामानांत उड्डाणास कायद्याची मनाई नव्हती. परंतु समुद्रावर अंधार व धुरकट हवा होती, आणि केवळ यंत्रांच्या आधारें उडण्याचा परवाना त्यांच्याजवळ नव्हता. विमान समुद्रांत कोसळून तिघेंही मरण पावलीं. चौकशींत यंत्राचा दोष आढळला नाहीं. दिशाभ्रमानें ताबा सुटला, असा निर्णय झाला. त्याच सायंकाळीं त्याच विमानतळावरील दुसऱ्या एका वैमानिकानें हवा पाहून आपलें उड्डाण रद्द केलें होतें. परवानगी दोघांसही होती. निर्णय ज्याचा त्याचा होता.

वेधशाळा हवामान कळविते, विमानतळावरील नियंत्रक सूचना देतो. परंतु विमान पुढें न्यावें कीं नाहीं, याचा अखेरचा अधिकार आंतरराष्ट्रीय नियमांनींही वैमानिकाकडेच दिला आहे. अधिकार त्याचा, म्हणून जबाबदारीही त्याचीच. पलीकडे कोणी वाट पाहत असेल, सोबती घाई करीत असतील, मुक्काम अगदीं जवळ आला असेल. तरीही ज्याच्या हातीं दुसऱ्यांचे प्राण आहेत, त्यास ‘आतां परत’ असें म्हणतां आलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं कोणी पुढें वैमानिक होतील, कोणी होणार नाहींत. परंतु श्रावणांत घरीं परततांना ओढ्यावरील फरशीवरून पाणी वाहतांना दिसेल, तेव्हां धाकट्या भावंडाचा हात धरून मागें फिरण्याचा निर्णय तुम्हांलाच घ्यावा लागेल. आणि पालकहो, त्या दिवशीं मूल उशिरा आलें, तर त्यास रागावूं नका.