गोचिडीचा दंश आणि मटणाचे वावडे

सुरतच्या कापडधंद्याने आणि पुढे तापीच्या मुखाजवळ हजीरा येथे उभ्या राहिलेल्या खत, पोलाद व वायूच्या कारखान्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबारकडील कितीतरी मराठी कुटुंबांना या भागात आणून वसविले. त्यांतील काही घरची शिकलेली मुले आता अमेरिकेत नोकरी करतात आणि निवृत्त आईवडील उन्हाळ्याचे चार-सहा महिने त्यांच्याकडे काढून परत येतात. परतताना एक अपरिचित विकार त्यांच्यासोबत येऊ शकतो. त्याची माहिती येथील कुटुंबांना, शिक्षकांना आणि आरोग्य सेवकांना असणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल एक कल्पित गृहस्थ घेऊ. वय पासष्ट, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही सोबतीला. व्हर्जिनिया राज्यात मुलाच्या घरामागील गवतात ते रोज फिरत. एकदा घोट्याला गोचीड चिकटली. ती काढली, काही दिवस खाज राहिली आणि विषय संपला. हजिऱ्याला परतल्यावर एका रविवारी त्यांनी रात्री नऊ वाजता मटणाचा रस्सा खाल्ला आणि ते स्वस्थ झोपले. एक वाजता तळहात खाजू लागले, अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या, पोटात कळ आली, घाम फुटला आणि उठून उभे राहताच घेरी आली. घरच्यांना वाटले, रक्तातील साखर उतरली. त्यांनी साखरपाणी दिले. कोणी म्हणाले, पित्त झाले. चार तासांपूर्वीच्या जेवणाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

या विकाराची खरी अडचण येथेच आहे. शेंगदाणे किंवा कोळंबीचे वावडे असेल तर त्रास बहुधा काही मिनिटांतच सुरू होतो. हे वावडे मात्र सामान्यतः दोन ते सहा तासांनी प्रकट होते. कित्येकांना गांधी उठतच नाहीत. त्यांना फक्त पोटदुखी, मळमळ व जुलाब होतात आणि दोष अपचनाला दिला जातो.

याचे कारण आल्फा-गॅल नावाची शर्करा होय. (मधुमेही वाचकांनी दचकू नये. रक्तातील साखरेशी तिचा संबंध नाही.) शेळी, मेंढी, गुरे, डुक्कर इत्यादी सस्तन प्राण्यांच्या शरीरात ती असते. माणूस, वानर आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे यांच्या शरीरात ती नसते. गोचीड रक्त पिताना आपल्या लाळेबरोबर ही शर्करा त्वचेत सोडते. काहींच्या शरीरात मग तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि काही आठवड्यांनंतर खाल्लेल्या मटणातील तीच शर्करा शरीराला शत्रू वाटू लागते. ती मांसातील चरबीला जोडलेली असते आणि चरबी सावकाश पचते. विलंबाचे स्पष्टीकरण बहुतांशी यात असल्याचे मानले जाते.

हा उलगडा झाला तो कर्करोगाच्या एका औषधामुळे. सेटुक्सिमॅब हे औषध टोचताच अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतील पुष्कळ रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येई, ईशान्येकडील रुग्णांना मात्र क्वचितच. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, या रुग्णांच्या रक्तात आल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती. ऑस्ट्रेलियात डॉ. शेरिल व्हॅन न्यूनेन यांनीही गोचीड व मांसाचे वावडे यांचा संबंध त्याच सुमारास मांडला. खुद्द प्लॅट्स-मिल्स यांनाही गोचिडी चावल्या आणि मेंढीचे मांस खाल्ल्यावर रात्री गांधी उठल्या! अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार २०१० पासून त्या देशात साडेचार लाखांपर्यंत लोकांना हा विकार जडला असावा.

निदानासाठी रक्ताची विशिष्ट तपासणी आहे. मात्र तपासणीत दोष आढळूनही मटण सुखाने पचविणारे लोक असतात. म्हणून तपासणी आणि रुग्णाची हकीकत दोन्ही जुळावी लागतात. वावडे नाहीसे करणारे औषध नाही. मटण, खिमा, पाया आणि विशेषतः कलेजी-गुर्दा वर्ज्य करावा. मासे, कोंबडी, अंडी, डाळी चालतात. समुद्रकाठी राहणाऱ्या हजीरेकरांना ही शिक्षा फार कडक म्हणता येणार नाही. दूध बहुतेकांना सोसते. साय किंवा आइस्क्रीम यांनी त्रास होत असेल तरच ते सोडावे, उगाच सोडू नये.

ताटापुरते पथ्य तुलनेने सोपे आहे. ज्यांना आधीच इतर आजार आहेत, त्यांची कसोटी औषधांच्या बाबतीत लागते. रक्तदाब व हृदयविकारासाठी दिली जाणारी ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे तीव्र प्रतिक्रियेच्या वेळी टोचल्या जाणाऱ्या ॲड्रेनलिनचा परिणाम कमी करू शकतात. म्हणून ती आपल्या मनाने बंद करावयाची नाहीत, परंतु वावड्याची गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालून पर्याय विचारावा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. त्यात मटणही सुटले तर त्याची तपासणी करून घेणे इष्ट. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. बहुतेकांना ते बाधत नाही, काहींना बाधते. हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यांपासून, तर काही कृत्रिम झडपा डुक्कर वा गाईच्या ऊतींपासून बनवितात. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही हे वावडे सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते. सर्पदंशावरील लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. विषबाधा झाली असता ती घ्यायलाच हवी, मात्र डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी म्हणजे ते तयारीत राहतील. मद्य, वेदनाशामक गोळ्या आणि जेवणानंतरचे अंगमेहनतीचे काम यांनीही प्रतिक्रिया बळावते.

नव्या दंशांपासून दूर राहिल्यास काही वर्षांत अनेकांची प्रतिपिंडे उतरतात. म्हणजे गोचिडीपासून बचाव हाही उपचाराचाच भाग. आपल्याकडील गोचिडींपासूनचे धोके निराळे असले तरी क्षुल्लक नाहीत. २०११ च्या जानेवारीत अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावी आढळलेला क्रिमियन-काँगो ताप पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निश्चित केला आणि सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडतापाने थैमान घातले. गुरांच्या अंगावरील गोचिडी उघड्या हातांनी चिरडू नयेत. गवतातून जाताना पाय झाकावेत आणि घरी येताच अंग तपासावे. चिकटलेल्या गोचिडीवर रॉकेल ओतण्याची किंवा विडीचा चटका देण्याची जुनी रीत सोडून द्यावी. बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून ती सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

पुन्हा त्या कल्पित गृहस्थांकडे वळू. गांधी, पोटातील कळ आणि घेरी एकत्र दिसताच घरच्यांनी त्यांना आडवे निजवून पाय उंच करावयास हवे होते आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावयास हवी होती. साखर मोजून पाहावी, परंतु त्यासाठी थांबू नये. डॉक्टरांनी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन जवळ बाळगण्यास दिले असेल तर ते मांडीच्या बाहेरील बाजूस ताबडतोब टोचावे. अशा रुग्णाने खिशात एक चिठ्ठी ठेवावी. हजिऱ्यात ती मराठीबरोबर गुजराती व इंग्रजीतही हवी. तीत वावड्याचे नाव, चालू असलेली सर्व औषधे, डॉक्टरांचा व घरचा दूरध्वनी क्रमांक आणि एक ओळ असावी : ‘मटण खाल्ल्यास सहा तासांपर्यंत केव्हाही त्रास होऊ शकतो.’