आधी डिस्चार्ज कार्ड शोधा

कोविडच्या न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचं पोट अचानक असह्य दुखू लागलं, तर ओवा-हिंग राहू द्या; आधी डिस्चार्ज कार्ड शोधा. 2021 च्या दुसऱ्या लाटेपासून मी हे भेटेल त्याला सांगते. माझे सासरे, अण्णा, ऑक्सिजनवरून सुटून घरी आले होते. एका पहाटे पोट धरून कण्हू लागले. जवळच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मऊ लागलं. तापही नव्हता. ‘गॅसेस असतील,’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं.

पोट मऊ लागण्याचं कारण नंतर सर्जननी सांगितलं. अण्णांना स्टेरॉइड चालू होतं. आतडं सडू लागलं तरी त्या औषधाखाली ताप आणि पोटाचा ताठपणा दबून राहू शकतो. माणूस वेदनेने तळमळतोय आणि तपासणाऱ्याच्या हाताला काहीच लागत नाही, हीच धोक्याची खूण. कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात. फुप्फुसात अडकते तशी गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीतही अडकते. तिथे साध्या सोनोग्राफीवर विसंबू नये. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन लागतो, तोही लगेच. आतडं काही तासांत काळं पडतं.

ठरवून करायची शस्त्रक्रिया कोविडनंतर निदान सात आठवडे लांबवावी, असं 116 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार रुग्णांच्या अभ्यासातून तेव्हा पुढे आलं होतं. पण सडलेलं आतडं थांबत नाही; अण्णांचं ऑपरेशन लगेच करावं लागलं. भूलतज्ज्ञांनी दारातच विचारलं: रक्त पातळ करणारी गोळी किती वाजता घेतली? स्टेरॉइड कधीपासून, किती? ते एकदम तुटलं तर रक्तदाब कोसळू शकतो. गोळीची वेळ कळली नाही तर रक्तस्रावाचा अंदाज येत नाही. नणंदेने गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकली होती म्हणून निभावलं. (डिस्चार्ज कार्डाची फाइल कपाटात आणि किल्ली भलतीकडेच, हे आपल्या घरांत ठरलेलं!)

ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या: व्हेंटिलेटर लागेल का, आयसीयू इथेच आहे का, पोटावर शौचाची पिशवी येईल का. उरलेलं आतडं तगलंय ना, हे पाहायला एक-दोन दिवसांत पोट पुन्हा उघडावं लागू शकतं. हे आधी ठाऊक नसलं की घरच्यांना ऑपरेशन फसलंसं वाटतं.

पुढे आतड्यापेक्षा छातीनेच आम्हाला दमवलं. टाक्यांच्या भीतीने अण्णा खोल श्वास घेईनात, खोकेनात, कफ साचला. दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. वेदनाशामक मागून घ्यावं, पोटावर उशी दाबावी आणि खोकावं. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र कोविडपासून घरी होतंच. ते मागवून घेतलं. अण्णा त्यावर भयंकर चिडायचे. सासूबाई शेजारी बसून चेंडूंवर नजर ठेवायच्या, आणि चहा सुरू झाल्यावर तर तिसरा चेंडू वर गेल्याशिवाय कप पुढे करायच्या नाहीत.