स्कॅनची फाइल इतकी जड का?

प्रश्न : मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी गुणपत्रिका स्कॅन केली. पीडीएफ ८ एमबीची झाली, अर्जाला ५०० केबीच चालते. झिप करूनही जेमतेम फरक पडला. स्कॅनर बिघडलाय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्कॅनर ठणठणीत आहे. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटोच, आणि पीडीएफ होतानाच तो बहुतेक वेळा दाबलेला असतो. झिपला दाबायला फारसं उरत नाही. खरी गोम डीपीआयमध्ये, म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो त्यात आहे. तुमचा स्कॅनर बहुधा ६०० वर असेल, तो २०० वर आणा. ठिपके आडवे आणि उभे, दोन्हीकडे एक तृतीयांश होतात, म्हणजे एकूण नवव्या हिश्श्यावर येतात. छापील मजकूर तरीही स्वच्छ वाचता येतो. रंगीतऐवजी ग्रेस्केल निवडा. निव्वळ ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मात्र नको. फिकट शिक्का, निळी सही त्यात उडून जाते आणि अर्ज परत येतो, तो ताप वेगळाच!

कागद हाताशी नसेल, तर लिबरऑफिस ड्रॉमध्ये फाइल उघडून पीडीएफ एक्स्पोर्ट करताना चित्रांचं रिझोल्यूशन कमी करता येतं. आधार, पॅनसारखे कागद फुकटात फाइल लहान करून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर चढवू नका. मूळ स्कॅन पुसू नका, आणि पाठवण्याआधी नव्या फाइलमधला आसन क्रमांक एकदा नीट वाचून बघा.