समानार्थी म्हणविणाऱ्या शब्दांविषयी

चि. बाळ,

तुझे पत्र आणि त्यासोबतचा अभिरूप न्यायालयातील युक्तिवादाचा मसुदा, दोन्ही पोहोचले. मसुद्याची मांडणी एकंदरीत नेटकी आहे. परंतु एकाच परिच्छेदात आरोपीच्या कृत्यास तू प्रथम ‘थेफ्ट’, पुढे ‘रॉबरी’ आणि अखेरीस ‘एक्स्टॉर्शन’ म्हटले आहेस, आणि पुनरुक्ती टाळण्यासाठी रॉजेटच्या कोशाचे साहाय्य घेतल्याचे मोठ्या उत्साहाने कळविले आहेस, म्हणून हे पत्र सविस्तर लिहावयास बसलो.

रॉजेट हा पेशाने वैद्य. त्याने १८५२ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात शब्दांचा शेजार दाखविलेला आहे, त्यांच्या शिवेचे दगड दाखविलेले नाहीत. ज्यास शब्द ठाऊक आहे परंतु ऐनवेळी आठवत नाही, त्याच्या उपयोगाचा तो ग्रंथ होय. आपल्याकडे तर अमरकोश मुखोद्गत करण्याची परंपरा. अग्नीस वह्नि म्हणावे, अनल म्हणावे की पावक, हे पुष्कळदा वृत्ताच्या सोयीने ठरे, आणि त्यामुळे पर्यायशब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा बेलाशक बसविण्याजोगा शब्द, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. काव्यात ती खपून जाते; कायद्याच्या इंग्रजीत ती बाळगणाऱ्या वकिलाचे पक्षकार हकनाक बुडतात.

तुझे हे तिन्ही शब्द भारतीय दंडसंहितेतले. तिचा पहिला मसुदा मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली सिद्ध केला, १८६० साली तिचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली व कलमांचे आकडे बदलले, तथापि मालमत्तेविरुद्धच्या या गुन्ह्यांच्या व्याख्यांचा गाभा तोच आहे. आकडे मात्र मी जुनेच देतो, कारण माझ्या जिभेवर तेच बसलेले आहेत.

आता अशी कल्पना कर की, एक शेतकरी आठवड्याच्या बाजारात बैल विकून आलेली रक्कम कापडी पिशवीत घालून घरी निघाला आहे. एस. टी. स्थानकाच्या बाकावर त्याचा डोळा लागला असता उशाची पिशवी कोणी त्याच्या नकळत उचलली, तर ती कलम ३७८ मधील ‘थेफ्ट’. ‘उद्या सायंकाळपर्यंत रक्कम पोहोचली नाही तर कडब्याची गंजी पेटेल’ अशी धमकी कोणी दिली आणि त्या धास्तीने त्याने स्वतःच्या हाताने पिशवी नेऊन दिली, तर ती कलम ३८३ ची ‘एक्स्टॉर्शन’: येथे वस्तू घेतली गेली नाही, भयापोटी दिली गेली. तोच धमकावणारा ओढ्यापाशी सुरा काढून समोर उभा ठाकला आणि जिवाच्या तात्काळ भीतीने पिशवी तेथल्या तेथे हवाली झाली, तर तीच ‘एक्स्टॉर्शन’ कलम ३९० अन्वये ‘रॉबरी’ होते. आणि असे करणारे पाच किंवा अधिक असले, तर कलम ३९१ ची ‘डकॉइटी’, म्हणजे आपला दरोडा. चार असामी असता ‘डकॉइटी’ नाही, पाचवा मिळताच आहे. पिशवी तीच, रक्कम तीच, शेतकरी तोच. एकेक परिस्थिती पालटली की शब्द पालटतो आणि शिक्षाही पालटते.

याहून सूक्ष्म भेद पुढे आहे, आणि तालुक्याच्या कोर्टापासून उच्च न्यायालयापर्यंत वकिलांची खरी कसोटी तेथे लागते. कोणी स्वतःस बँकेचा कारकून म्हणवून, नोटा तपासून आणतो अशी थाप देऊन पिशवी नेली, तर ते ‘चीटिंग’. आणि ओळखीच्या दुकानदाराकडे विश्वासाने ठेवावयास दिलेली पिशवी त्याने पुढे बुद्धी फिरून अप्रामाणिकपणे स्वतःच्या धंद्यात घातली, तर ते ‘क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट’. दोन्ही प्रसंगी शेतकऱ्याने पिशवी राजीखुशीने दिली. भेद इतकाच की पहिल्यात कपट आरंभापासून होते, दुसऱ्यात ते मागाहून उपजले. मराठीत आपण दोहोंनाही ‘फसविले’ म्हणून मोकळे होतो, आणि फिर्यादीही तशाच लिहिल्या जातात. मग उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो की कपट केव्हापासून होते, आणि फिर्यादी गप्प होतो.

मेकॉलेच्या मसुद्याची मला सर्वाधिक आदरणीय वाटणारी गोष्ट म्हणजे कलमांखाली जोडलेली उदाहरणे. कलम ३७८ खालील घड्याळाची उदाहरणे तू सावकाश वाच. स्वतःचे घड्याळ दुरुस्तीस दिले, मजुरी बाकी असल्यामुळे कारागिराने ते कायदेशीरपणे अडकवून ठेवले, आणि त्याचे ते तारण बुडविण्याच्या इराद्याने मालकाने ते परस्पर उचलून नेले, तर मालक स्वतःच्याच घड्याळाचा चोर ठरतो. कारण ‘थेफ्ट’ मालकीविरुद्ध नसून कबजाविरुद्ध आहे. ‘ओनरशिप’ आणि ‘पझेशन’ हे शब्द ज्याने या एका घड्याळावरून ओळखून घेतले, त्यास ते पुढे दिवाणी दाव्यांतही चकवीत नाहीत.

या शब्दांची कुळेही निरनिराळी आहेत. ‘थेफ्ट’ हा जुन्या अँग्लो-सॅक्सन घरातला. ‘रॉबरी’ १०६६ नंतर इंग्लंडवर राज्य करू लागलेल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून आलेला. ‘एक्स्टॉर्शन’ लॅटिन मुळाचा. आणि ‘डकॉइटी’ तर आपल्या डाका शब्दावरून इंग्रजांनी उचललेला. इंग्रजीने परका शब्द घरात घेतला म्हणजे घरच्या शब्दास ती सहसा हाकलीत नाही, दोघांना कामे वाटून देते. आपणही फारसीतून आलेल्या शब्दांशी असेच वागलो: फिर्याद फौजदारीकडची, दावा दिवाणीकडचा, आणि खेड्यातला अशिक्षित पक्षकारसुद्धा ‘खुनाचा दावा लावला’ असे म्हणत नाही. तोच कान इंग्रजीसाठी तयार व्हावयास हवा.

तुझ्या मसुद्यात आणखी दोन स्थळे आहेत. ‘प्रतिवादीने वादीचे म्हणणे रिफ्यूट केले’ असे तू लिहितोस. कैफियतीत प्रतिवादी ‘डिनाय’ करतो, म्हणजे नाकबूल करतो. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्यानिशी खोटे पाडणे, आणि ते पुराव्याचे काम संपल्यावाचून कोणी म्हणू नये. तसेच न्यायाधीश ‘अनइंटरेस्टेड’ असावा, हे वाक्य तातडीने खोडून टाक. न्यायाधीश ‘डिसइंटरेस्टेड’, म्हणजे स्वतःचा कोणताही हितसंबंध नसलेला असावा; ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे ज्यास खटल्यात स्वारस्यच नाही असा, आणि तसा न्यायाधीश कोणाच्याही वाट्यास न येवो.

मसुदा पुन्हा लिही. लिहिताना प्रत्येक गुन्ह्याच्या नावापाशी थांबून, कोणती एक परिस्थिती बदलली असता हे नाव येथे चालले नसते, ते समासात मराठीत एका ओळीत टिपून ठेव, आणि त्या टिपणांसह मसुदा पुढील आठवड्यात मजकडे पाठव. ‘थेफ्ट’ हा शब्द दहा वेळा आला तरी चालेल.

तुझा,
मामा