पानावरील अकारण फटी

प्रश्न : लाटेकच्या ‘बुक’ वर्गात स्मरणिका जुळवीत आहे. काही पानांवर परिच्छेदांमध्ये मोठ्या फटी पडतात. इलाज काय?

उत्तर : हा दोष आपल्या मजकुराचा नसून, ‘बुक’ हा वर्ग दोन्ही बाजूंनी छापावयाच्या ग्रंथांसाठी योजिलेला असल्यामुळे समोरासमोरील पानांचे तळ एका रेषेत आलेच पाहिजेत असा जो दंडक त्यात गृहीत धरलेला आहे, त्याचा तो परिणाम होय. तळाशी आलेले शीर्षक किंवा दुभंगता न येणारे चित्र पुढील पानावर ढकलावे लागले, म्हणजे उरलेली जागा लाटेकच्या मुळाशी असलेला टेक हा प्रोग्राम परिच्छेदांच्या व शीर्षकांच्या दरम्यान, जेथे ताणण्यास मुभा आहे तेथे, वाटून टाकतो. त्यातच पुष्कळांच्या सल्ल्यावरून आपण ‘विडोपेनल्टी’ आणि ‘क्लबपेनल्टी’ यांचा मूळचा 150 हा आकडा 10000 वर नेला असेल, तर परिच्छेदाची एकाकी ओळ पानाच्या माथ्यावर वा तळाशी राहण्यास सक्त मनाई होऊन फटींना उत्तेजनच मिळते. ओळी तोडताना सबंध परिच्छेदाचा साकल्याने विचार करणारा क्नूथ यांनी रचलेला टेक पाने मात्र एकेक करूनच तोडतो, हेही ध्यानात घ्यावे.

इलाज म्हणून दस्तऐवजाच्या आरंभीच्या भागात ‘रॅग्डबॉटम’ ही आज्ञा द्यावी. तळ किंचित खालीवर होतील, पण स्मरणिकेत ते खपून जाते. काव्यसंग्रहात तर मी तेच पसंत करीन. समतल तळांचाच आग्रह असेल, तर ‘एन्लार्जधिसपेज’ या आज्ञेने फटी पडलेल्या पानास एका ओळीची वाढ द्यावी व समोरच्या पानासही तीच सवलत द्यावी. मात्र ही तजवीज शेवटचे मुद्रितशोधन आटोपल्यावरच करावी, कारण मागे एक वाक्य वाढले तरी ती भलत्याच पानावर लागू होते.